यादीतला कुठलाही एक

सी भाषा शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ही ओळ लिहिलेली असते: यादी[रँड() % एन].

एका ॲरेमध्ये एन गोष्टी आहेत आणि त्यातली कुठलीही एक उचलायची आहे. रँड नावाचं फंक्शन एक मोठी संख्या देतं. तिला एनने भागायचं. उरलेली बाकी शून्य ते एन वजा एक यांच्यात कुठेतरी असते. त्या नंबरच्या खणातली वस्तू घ्यायची, झालं काम. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला ही ओळ शिकवायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

गंमत अशी की त्याच वर्षीच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले सर प्रश्नांच्या चिठ्ठ्या टेबलावर पालथ्या पसरून "उचल एक" म्हणायचे, तेव्हा आम्ही त्या चिठ्ठ्यांकडे फार संशयाने बघायचो. कुठली जास्त चुरगळलीय, आधीच्या पोराने कुठली परत ठेवली, सर मुद्दाम कुठली पुढे सरकवतायत. चिठ्ठीवर आमचा विश्वास नव्हता. रँडवर मात्र पूर्ण होता.

आज सहा वर्षं नोकरी केल्यावरही ही ओळ मला कुठल्या ना कुठल्या रूपात रोज भेटते. रिक्वेस्ट कुठल्या सर्व्हरकडे पाठवायची, नवं बटण आधी कुठल्या युजरला दाखवायचं, पुढचं गाणं कुठलं वाजवायचं. इथे थोडं इकडचं तिकडे झालं तर कुणाचं काही अडत नाही. पण हीच कृती घरांच्या सोडतीत होते, शाळाप्रवेशाच्या लॉटरीत होते, पीककापणी प्रयोगासाठी शेत निवडताना होते. एका देशात तर युद्धावर कोण जाणार हेही असंच ठरलं होतं. तिथे 'कुठलाही एक' म्हणजे खरोखर कुठलाही, सगळ्यांना सारखी संधी असलेला, हे कोण बघतं? या प्रश्नापायी मी त्या एका ओळीचा इतिहास खणत गेलो. तिच्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. संख्या येते कुठून? मोजायला सुरुवात कुठून करायची? आणि आलेली संख्या यादीच्या मापात कशी बसवायची? तिन्हींची उत्तरं कुणी ना कुणी ठेच खाऊन शिकलेलं आहे.

बरणीतला डिसेंबर

१ डिसेंबर १९६९. अमेरिकेतलं वॉशिंग्टन शहर, व्हिएतनामचं युद्ध जोरात. १९४४ ते १९५० या वर्षांत जन्मलेल्या तरुणांपैकी सैन्यात आधी कुणाला बोलवायचं हे ठरवायला सोडत काढली गेली, तीही टीव्हीवर थेट. ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. काचेच्या मोठ्या बरणीतून एकेक कुपी काढायची. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्यांचा नंबर पहिला. पुढे या सोडतीतल्या १९५ नंबरपर्यंतच्या लोकांना बोलावणं गेलं. १९६ नंबरवाला सुटला.

काही दिवसांतच संख्याशास्त्रज्ञांनी निकाल महिन्यांप्रमाणे मांडून बघितला. सोडत सरळ झाली असेल तर कुठल्याही महिन्यातल्या तारखांच्या नंबरांची सरासरी १८३.५च्या आसपास यायला हवी. जानेवारीची आली २०१. डिसेंबरची १२१. म्हणजे वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या पोरांचे नंबर लवकर लागले होते. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. कुप्या महिन्यामहिन्याने पेटीत टाकल्या होत्या, आधी जानेवारी, सगळ्यात शेवटी डिसेंबर. नंतर त्या हव्या तितक्या ढवळल्याच गेल्या नाहीत. शेवटी टाकलेल्या कुप्या हाताला आधी लागल्या.

पुढच्या वर्षी, जुलै १९७०च्या सोडतीत, सरकारने नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या संख्याशास्त्रज्ञांना मदतीला घेतलं. यावेळी दोन पिंपं ठेवली, एकात तारखा आणि दुसऱ्यात नंबर. शिवाय पिंपांत भरण्याचा क्रमसुद्धा यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यांवरून ठरवला. पण आदल्या वर्षीचे नंबर काही बदलले नाहीत. डिसेंबरात जन्मलेला एखादा पोरगा पेटी नीट न हलवल्यामुळे व्हिएतनामला गेला असेल, तर ते त्याला कधी कळणारही नव्हतं.

आकड्यांचं पुस्तक

हाताने ढवळण्यावर भरवसा ठेवता येत नाही, हा धडा खरं तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेला होता. नमुना निवडायला चिठ्ठ्या आणि पिशव्या पुरत नाहीत हे इंग्लंडमधल्या संख्याशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. म्हणून १९२७ साली एल. एच. सी. टिपेट यांनी एक छोटं पुस्तक छापलं. त्यात जनगणनेच्या अहवालांतून उचललेले ४१,६०० सुटे आकडे होते. बाकी काहीच नाही. पान उघडा, आकडे वाचत जा आणि त्यांच्या आधारे निवड करा. पिशवी हलवायचं काम आता कागदाने केलं होतं.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने हेच काम मोठ्या प्रमाणावर काढलं. (ही संस्था वेगळी. आपलं सीमधलं रँड म्हणजे 'रँडम'चं आखूड रूप.) १९४७ साली त्यांनी इलेक्ट्रॉनिक रूलेट चक्र बांधलं. सेकंदाला सुमारे १ लाख स्पंदनं, ती अनियमित, आणि सेकंदातून एकदा मोजणी थांबवून आकडा टिपायचा. असे १० लाख आकडे १९५५ साली पुस्तकरूपात आले.

यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली ही की यंत्राने दिलेले आकडे त्यांनी तसेच छापले नाहीत. तपासणीत यंत्राचा कल एका बाजूला झुकलेला दिसला, तेव्हा पंचकार्डांवरचे आकडे एकमेकांत मिळवून आणि हातचा सोडून देऊन त्यांनी तो झुकाव घालवला. यंत्र आपलंच होतं, तरी त्याची परीक्षा घेतली. दुसरी गोष्ट, पुस्तक कसं वापरायचं याची सूचना. सगळ्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली तर सगळ्यांना तेच आकडे मिळणार. म्हणून सांगितलं होतं की कुठलंही पान उघडा आणि न बघता पाच अंकी संख्येवर बोट ठेवा. त्यातल्या पहिल्या अंकाला २ने भागून बाकी घ्या, की सुरुवातीची ओळ मिळेल. शेजारच्या दोन अंकांना ५०ने भागून बाकी घ्या, की स्तंभ मिळेल. पुस्तकात २०,००० ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत ५० आकडे. सीमधल्या त्या ओळीतली टक्क्याची खूण बाकी काढण्याचं जे काम करते, ते इथे कागदावर चाललं होतं. ही बाकी पुढे पुन्हा लागणार आहे, लक्षात असू द्या.

गणिताने बनवलेला योगायोग

मग कॉम्प्युटर आला आणि पुस्तक निरुपयोगी झालं. एनिॲक हे तेव्हाचं अजस्र यंत्र. पण त्याच्या इलेक्ट्रॉनिक स्मृतीत दहा अंकी संख्या मावायच्या फक्त २०. तिथे दहा लाख आकडे ठेवणार कुठे? पंचकार्डांवरून वाचत बसलं तर यंत्राचा वेगच मातीमोल. आणि अण्वस्त्रांच्या गणितांसाठी, न्यूट्रॉन कुठल्या दिशेला जाईल हे लाखो वेळा 'उचलून' बघण्यासाठी, आकडे तर हवेतच.

जॉन फॉन नॉयमन यांचा उपाय शाळकरी पोरालाही जमेल असा होता. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले चार अंक उचला. ती पुढची संख्या. तिचा पुन्हा वर्ग. अशा आकड्यांत योगायोग काहीच नसतो. पहिली संख्या कळली की शेवटपर्यंतच्या सगळ्या कळल्या. हे नॉयमनना पक्कं ठाऊक होतं आणि हा प्रकार म्हणजे पाप आहे अशा अर्थाचा विनोदही त्यांनी स्वतःच केला होता. पण दिसायला आकडे विस्कळीत दिसत होते. शिवाय एक सोयही होती. हिशेब चुकला असं वाटलं तर त्याच संख्येपासून सुरुवात करून तीच गणना पुन्हा करून बघता यायची.

तुम्हीही करून बघा. फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरे. २१०० घ्या. वर्ग ४४,१०,०००. आठ अंकी करायला पुढे शून्य लावलं की मधले चार अंक ४१००. त्याच्या वर्गातून येतात ८१००. त्यातून ६१००. त्यातून पुन्हा २१००. झालं, घाण्याचा बैल. आता ही पद्धत जन्मभर हेच चार आकडे देत राहणार.

१९४९ साली डी. एच. लेमर यांनी यापेक्षा बरी युक्ती मांडली. आधीच्या संख्येला एका ठरावीक संख्येने गुणायचं, दुसऱ्या ठरावीक संख्येने भागायचं आणि बाकी घ्यायची. एनिॲकवर त्यांनी गुणायला २३ घेतले आणि भागायला १० कोटी १. पुढची कित्येक दशकं जगातले बहुतेक कॉम्प्युटर याच कुळातल्या पद्धतींवर चालले. पण गुणायची संख्या निवडणं हे नाजूक काम होतं. साठीच्या दशकात आयबीएमच्या यंत्रांबरोबर 'रँडू' नावाची पद्धत जगभरच्या विद्यापीठांत पोचली. तिच्यात गुणायला ६५,५३९ ही संख्या होती, कारण त्या यंत्राला ती पटकन गुणता यायची. १९६८ साली जॉर्ज मार्सालिया यांनी दाखवून दिलं की या कुळातल्या आकड्यांचे तिनातिनाचे गट करून अवकाशात बिंदू मांडले, तर ते सगळीकडे विखुरत नाहीत, मोजक्या समांतर पातळ्यांवर ओळीने बसतात. रँडूच्या बाबतीत पातळ्या निघाल्या फक्त १५. एका बाजूने बघितलं तर धुरळा, मान जरा वळवली की विटांच्या भिंती. या आकड्यांवर किती प्रबंध आणि किती शोधनिबंध उभे राहिले होते, त्याची तर मोजदादच नाही.

सीचं रँड याच घराण्यातलं. १९८९च्या मानकात त्याचा एक नमुना दिलेला आहे. आधीच्या संख्येला १,१०,३५,१५,२४५ने गुणा, १२,३४५ मिळवा, ६५,५३६ने भागून शेवटचा भाग फेकून द्या आणि जे राहील त्याला ३२,७६८ने भागून बाकी घ्या. शेवटचा भाग का फेकायचा? कारण अशा पद्धतीतले उजवीकडचे बिट फारच आज्ञाधारक असतात. सगळ्यात उजवा बिट तर शून्य, एक, शून्य, एक असा घड्याळासारखा चालतो. तो भाग न फेकता कुणी छापा-काटा करायला त्या संख्येची २ने बाकी काढली, तर छाप्यानंतर काटा आणि काट्यानंतर छापा, असं कायम येत राहणार.

बीज कुणाच्या हातात?

आता दुसरा प्रश्न. सीमध्ये सुरुवातीची संख्या, म्हणजे सीड, तुम्ही दिली नाही तर ती १ धरली जाते. प्रोग्राम आज चालवा, उद्या चालवा, तोच क्रम येणार. म्हणून सगळी पुस्तकं शिकवतात की घड्याळातली वेळ बीज म्हणून द्या. एका दिवसात सेकंद असतात ८६,४००. ज्याला तुम्ही प्रोग्राम साधारण कधी चालवला हे ठाऊक आहे, त्याला मोजकीच बीजं तपासायची असतात.

१९९९ साली हे एका ऑनलाइन पोकरच्या बाबतीत घडलं. पत्ते पिसण्याची आपली पद्धत किती सचोटीची आहे हे दाखवायला कंपनीने प्रोग्राम जाहीर केला होता. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या मंडळींनी तो वाचला. ५२ पत्ते पिसण्याच्या शक्यता लिहायला बसलं तर ६८ अंकी संख्या होते. पण बीज होतं मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद, म्हणजे फार तर ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवल्यावर उरल्या सुमारे २ लाख. हातातले दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन बघून त्यांचा कॉम्प्युटर खेळ चालू असतानाच सगळ्यांच्या हातातले पत्ते सांगू लागला. त्यांनी पैसे लुटले नाहीत, दोष जाहीर केला.

एडी टिप्टनने मात्र लुटलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेत तो माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता, म्हणजे कुंपणच. सोडतीच्या यंत्रात बीज गायगर काउंटरच्या मोजणीवरून यायचं, म्हणजे किरणोत्सर्गातल्या खऱ्याखुऱ्या योगायोगावरून. टिप्टनने प्रोग्राममध्ये काही ओळी अशा घुसवल्या की वर्षातल्या ठरावीक तारखांना, ठरावीक वारी, ठरावीक वेळेनंतर हे बीज बाजूला पडेल आणि त्याला आधी मोजता येईल असं बीज वापरलं जाईल. बाकी सगळे दिवस यंत्र चोख. कितीही चाचण्या घ्या, पास. २९ डिसेंबर २०१०च्या सोडतीतलं कोट्यवधी डॉलरचं तिकीट त्याने एका दुकानातून स्वतः विकत घेतलं, आणि तिथल्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीमुळे काही वर्षांनी सापडला. २०१७ साली त्याला जास्तीत जास्त २५ वर्षांची शिक्षा झाली. प्रोग्राम वाचून कुणी त्याला पकडलं नाही, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

बाकीचा हिशेब

उरला तिसरा प्रश्न, टक्क्याच्या खुणेचा. समजा संख्या उत्तम आहे, बीज उत्तम आहे. सीच्या मानकाप्रमाणे रँडची सगळ्यात मोठी संख्या किमान ३२,७६७ असायला हवी, आणि विंडोजवर कित्येक वर्षं ती नेमकी तेवढीच होती. म्हणजे शून्य धरून एकूण ३२,७६८ संख्या. यादीत १० नावं असतील तर पहिल्या आठ जणांच्या वाट्याला ३,२७७ संख्या येतात आणि शेवटच्या दोघांच्या ३,२७६. सोडून द्या. पण यादीत २०,००० अर्ज असतील तर? शून्य ते १९,९९९ या संख्या सगळ्यांना एकेक मिळाल्या. उरल्या १२,७६८. त्या पुन्हा पहिल्यापासून वाटल्या जातात. म्हणजे यादीतल्या पहिल्या १२,७६८ जणांची शक्यता शेवटच्या ७,२३२ जणांच्या बरोब्बर दुप्पट. अर्ज ४०,००० असतील तर शेवटच्या ७,२३२ जणांचा नंबर कधीच लागणार नाही, आणि प्रोग्राम कुठलाही एरर दाखवणार नाही. लिनक्सवर ही संख्या २०० कोटींच्या वर जाते, त्यामुळे फरक नगण्य होतो. पण तोच प्रोग्राम कुठल्या यंत्रावर चालणार आहे, हे यादीतल्या माणसाला कोण सांगणार?

याचं उत्तर मला सापडलं शेतीच्या संख्याशास्त्रात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांनी चाळीसच्या दशकात भारतात पिकाच्या उताऱ्याचा अंदाज यादृच्छिक नमुन्याने काढायची पद्धत रुजवली. त्याआधी अंदाज बहुतेक नजरेने व्हायचा. आजही पीककापणी प्रयोगासाठी गावातली शेतं अशीच निवडतात. शेत निवडायचं, शेतात किती पावलं आत जायचं तेही यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचं, तेवढा तुकडा कापून वजन करायचं. या आकड्यांवर पीकविम्याची भरपाई ठरते, त्यामुळे 'कुठलंही एक शेत' हे शब्द इथे पैशात मोजले जातात.

या विषयाच्या आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत बाकी काढून निवडायची पद्धत शिकवतात, आणि तिच्यासोबत एक अट असते. गावात १६० शेतं असतील आणि तीन अंकी आकड्यांचा तक्ता हातात असेल, तर १६०ची तीन अंकांत बसणारी सगळ्यात मोठी पट बघा: ९६०. ००१ ते ९६० यांतलीच संख्या चालेल. ९६१ किंवा त्यापुढची आली, किंवा ००० आलं, तर ते सोडा आणि पुढचा आकडा वाचा. मगच १६०ने भागून बाकी घ्या. बाकी शून्य आली तर १६०वं शेत. आता प्रत्येक शेताच्या वाट्याला नेमक्या सहा संख्या येतात, ना कमी ना जास्त. ओपनबीएसडीने यादीतून निवडण्यासाठी जे खास फंक्शन बनवलं, त्यात हीच युक्ती आहे: वाटणीत न बसणाऱ्या संख्या फेका आणि पुन्हा उचला. रँड कॉर्पोरेशनच्या पुस्तकातही हाच विचार होता. दहा अंकांना २ने आणि शंभर जोड्यांना ५०ने पूर्ण भाग जातो, म्हणून तिथे फेकायला काही उरतच नव्हतं. कागदावर काम करणाऱ्यांना दिसत होतं ते आम्हा सीवाल्यांच्या पहिल्या धड्यातून गळून गेलं.

सगळ्यांना तपासता येईल अशी सोडत

म्हाडाची घरं, आरटीईचे प्रवेश यांच्या सोडती आता कॉम्प्युटरवर निघतात. त्यांत काही काळंबेरं आहे असं मी म्हणत नाही. चिठ्ठ्यांपेक्षा कॉम्प्युटर बरा, हे १९६९च्या बरणीने दाखवलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की चिठ्ठीवर संशय घ्यायला तरी जागा होती, ती चुरगळलेली दिसायची. पडद्यावर नाव आलं नाही तर आईबाप "नशीब" म्हणून घरी जातात. ते नशीब होतं की बाकीचा हिशेब, हे त्यांना तपासता यायला हवं.

आणि ते अवघड नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संघटनेत एक निवड समिती स्वयंसेवकांच्या यादीतून उचलली जाते. त्याची पद्धत २००४ साली डोनल्ड ईस्टलेक यांनी लिहून ठेवली. आधी क्रमांकासह यादी जाहीर करायची, म्हणजे नंतर नाव पुढेमागे करता येत नाही. मग बीज कुठून घेणार तेही आधी जाहीर करायचं, आणि ते भविष्यातलं असलं पाहिजे: अमुक तारखेच्या सरकारी लॉटरीचे आकडे वगैरे. गणिताची रीत तर उघडच. त्या तारखेला आकडे आले की जगातला कुणीही माणूस आपल्या कॉम्प्युटरवर तीच सोडत काढून बघू शकतो. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर स्वतः मोजा.

आपल्या प्रत्येक सार्वजनिक सोडतीसाठी असाच एक कागद असावा असं मला वाटतं. त्यात यादी, बीज आणि रीत हे तिन्ही सोडतीच्या आधी लिहिलेलं असावं. माझ्या वयाचे, माझ्यासारखंच शिकलेले लोक हे प्रोग्राम कुठेतरी लिहीत असणार. त्यांना फार वेळ लागणार नाही, फार तर चार ओळी वाढतील. त्या चार ओळी कुणासाठी आहेत हे ज्याला बघायचं असेल त्याने यादी खाली सरकवत न्यावी, १९,८७६व्या नावापर्यंत.